तांबडी वाकळ

“औंदा डोंगराला नको जाऊया,” अप्पा चहाची बशी खाली ठेवत म्हणाले.

आई चुलीपुढं बसून धपाटी थापत होती. तिनं मान वर केली नाही. ओल्या फडक्यावरचं धपाटं तव्यावर टाकलं, फडकं अलगद सोडवून घेतलं आणि मग विचारलं, “का?”

“गिरिजाला खोकला हाय.”

“मला कुठं खोकला हाय?” गिरिजा दारातून ओरडली. माझी ही धाकटी बहीण एरवी बारा महिने काहीतरी कुरकुर लावायची, पण डोंगराला जायच्या दिवशी तिला कसलाही रोग होत नसे.

“आभाळ आल्यागत वाटतंय,” अप्पा म्हणाले. “वर जाऊन काय दिसायचं?”

आईनं खिडकीतून बाहेर बघितलं. लख्ख ऊन पडलं होतं. समोरच्या छपरावर वाळत टाकलेल्या कुरडयांकडं बघूनसुद्धा डोळे दिपत होते.

“अहो, वर्साचा एक दिवस मागते मी तुमच्याकडं,” ती म्हणाली. “लुगडं मागत न्हाई, डागिना मागत न्हाई. तेवढा एक दिवस.”

अप्पा उठून पाण्याची कळशी घ्यायला गेले. आईचं म्हणणं ते मोडत नसत. त्या दिवशी मोडलं असतं तर बरं झालं असतं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमच्या गल्लीतली बाकीची माणसं सहलीला आंबोलीला जायची, पन्हाळ्याला जाऊन तोफेवर बसून फोटो काढून आणायची. आम्ही दर वर्षी भैरोबाच्या डोंगरावर जायचो. तेही घट बसायच्या आधीच्या रविवारी, भर पितृपंधरवड्यात, जेव्हा दुसरं कुणी त्या देवाकडं फिरकत नसे. एस.टी.नं फाट्यावर उतरायचं, पायवाटेनं वर चढायचं, देवाला नारळ फोडायचा, देवळामागच्या कातळावर चादर अंथरून जेवायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी. शेजारच्या वैनींनी एकदा आईला विचारलं होतं, “त्या बोडक्या डोंगरावर हाय तरी काय वो?” आई म्हणाली होती, “वारा हाय की.”

जे होतं ते डोंगराच्या पलीकडच्या अंगाला होतं. देवळामागच्या कातळावर उभं राहिलं की पायाशी नदी दिसायची आणि नदीच्या काठाला चिंचेवाडी. ते आईचं माहेर. लग्न झाल्यापासून तिनं त्या गावात पाऊल टाकलं नव्हतं. टाकायची सोय नव्हती.

अप्पा वायरमन. चिंचेवाडीत विजेचे खांब रोवायचं काम निघालं तेव्हा ते तिथल्या शाळेत मुक्कामाला होते. ते लिंगायत, आई मराठ्याची, आणि आईचं लग्न तर आधीच दुसरीकडं ठरलेलं होतं. लग्नातलं तांबडं लुगडंसुद्धा आणून ठेवलेलं. पुढं काय आणि कसं झालं ते मला तुकड्यातुकड्यानंच कळलं, पण चिंचेवाडीत त्यावर एक वाक्य तयार झालं होतं आणि ते आईच आम्हाला हसत सांगायची, “घरात वीज आली आन पोरगी गेली.”

तिच्या वडिलांना सगळे आबा म्हणत. आबांनी ते लुगडं अंगणात भिरकावलं आणि उंबऱ्यात उभं राहून बजावलं, की या घरात तिचं नाव निघता कामा नये. नाव निघालं नाही. पण आजीनं ते लुगडं उचलून आणलं आणि त्याची वाकळ शिवली. गोधडीला आमच्याकडं वाकळ म्हणतात. मधोमध तांबड्या लुगड्याचा मोठा चौकोन आणि कडेनं आबांच्या जुन्या धोतरांचं पांढरं. ती वाकळ घरात कुणी पांघरली नाही. पेटीत पडून असायची.

आणि वर्षातून एकदा बाहेर निघायची. घट बसायच्या आधी आमच्या भागात घरातलं सगळं धुणं काढतात. वापरलेलं, न वापरलेलं, पेटीतलं, माळ्यावरचं, सगळं. डोक्यावर गठुडी घेऊन अख्खं गाव नदीला लोटतं. भिजलेली वाकळ एकट्या माणसाला पेलत नाही. दोघांनी दोन टोकं धरून पिळावी लागते आणि धरूनच पसरावी लागते. प्रत्येक घराची पसरायची जागा ठरलेली असते, तिथं दुसरं कुणी आपलं धुणं टाकत नाही. आईच्या घराची जागा म्हणजे काठावरचा एक भलामोठा काळा खडक. लग्नानंतर पहिल्याच वर्षी आई-अप्पा सहज देवाला म्हणून डोंगरावर गेले होते, तेव्हा आईला त्या खडकावर एक तांबडा चौकोन दिसला. देवळातल्या गुरवाच्या म्हातारीनं सांगितलं, “तुझ्याच लुगड्याची वाकळ ती. तुझ्या आईनं शिवली.” ती म्हातारी पुढं वारली, पण आमची सहल चालू राहिली. तांबडं दिसलं, म्हणजे आजी हयात आहे आणि तिनं आपल्याला टाकलेलं नाही, एवढं आईला कळायचं. तेवढ्यावर ती पुढचं वर्ष काढायची.

आबांचा विषय निघाला तर म्हणायची, “मला बाप न्हाई.” चिडून नाही, अगदी साधं. घरात मीठ नाही म्हणावं तसं.

एस.टी.त आईला खिडकीची जागा मिळाली आणि ती खूष झाली. नवं लुगडं नेसली होती, अंबाड्यात शेवंती माळली होती. खालून कुणाला दिसणार होतं, देव जाणे. ती सारखी बोलत होती. आजी कशी पाटावर बसून वाकळंला दोरे घालायची, आईला आणि तिच्या धाकट्या भावाला, जोतीरामला, दोन टोकं ताणून धरायला लावायची, आणि जोतीराम मधेच टोक सोडून पळायचा. हे सगळं आम्ही दर वर्षी ऐकायचो. दर वर्षी अप्पा त्याच्यात आपलं घुसडायचे. रस्त्याकडेचा प्रत्येक खांब दाखवून म्हणायचे, “ह्यो मी रोवला. ह्यो बी मीच. तुमची आई ह्या खांबाला बघून पसंत पडली का मला बघून, ते अजून सांगत न्हाई बघा.” आई त्यांना कोपरानं ढोसायची.

त्या दिवशी सगळे खांब मागं गेले आणि अप्पांनी एकही दाखवला नाही. मी बारा वर्षांची होते. मला वाटलं, अप्पांचं पोट दुखत असेल.

डोंगर चढताना आई सगळ्यांच्या पुढं. पाऊस सरत आला होता, उतारावर सोनकीची पिवळी फुलं दाटून आली होती. अर्ध्या वाटेवर झऱ्यापाशी अप्पा थांबले.

“हौसा, जरा बस हितं.”

“वर गेल्यावर बसू की.”

“तुला एक सांगायचं हाय.”

“वर सांगा. ऊन चढलं, आता धुणं पसरून झालं असंल. लवकर वाळलं तर गोळा करून बी जातील,” असं म्हणत ती चार पावलं पुढं गेलीसुद्धा. अप्पांनी गिरिजाला खांद्यावर घेतलं आणि मान खाली घालून चढायला लागले.

वर पोचल्यावर आई देवाकडं आधी कधीच जायची नाही. चपला सोडून ती थेट देवळामागं. आमचा तिघींचा एक खेळ होता, तांबडं आधी कुणाला दिसतं ते बघायचं. मागच्या वर्षी गिरिजाला दिसलं होतं आणि वर्षभर तिनं ते मला ऐकवलं होतं. मागच्या वर्षी आम्ही जरा वेळेवर पोचलो होतो. खडकावर दोन माणसं वाकळ पसरत होती. एक हिरवं लुगडं, ती आजी. दुसरं टोक धरलेलं माणूस पांढरा पटका बांधलेलं. एवढ्या उंचीवरून दोघंही तांदळाच्या दाण्याएवढी, पण आई हरखून गेली होती. “त्यो बघा जोत्या! पटका बांधाय लागला की वो! काल माझ्या कडंवर होता ह्यो.” मग पदरानं डोळे पुसून म्हणाली होती, “माझ्या आईला तेवढा तरी धड हाताखाली हाय.”

यंदा मी आणि गिरिजा धावत कातळाच्या टोकाला गेलो. नदीकाठ रंगांनी भरून गेला होता. वाकळा, चादरी, घोंगडी, लुगडी. माणसांची ये-जा चाललेली, धुणं आपटल्याचा आवाज उशिरा वर येत होता. मी काळा खडक शोधला.

“मला दिसंना,” गिरिजा म्हणाली.

“नीट बघ,” आई मागून येत म्हणाली. “चिंचेच्या खालच्या अंगाला.”

मला खडक दिसला होता. त्याच्यावर काहीच नव्हतं. तांबडी नाही आणि दुसरीही एक चिंधी नाही. सगळ्या काठावर तेवढाच एक खडक काळाचा काळा.

आईनं कपाळावर हात आडवा धरून बघितलं.

“उशीर झाला असंल त्यास्नी,” ती म्हणाली. “येतील.”

“हौसा,” अप्पा म्हणाले.

“येतील वो. जोत्या आळशी हाय, उठला नसंल.”

आम्ही चादर अंथरलीच नाही. आई कातळावर बसून राहिली. गिरिजानं धपाटं मागितलं तर आईनं गाठोडं तिच्याकडं न बघताच सरकवलं. अप्पा उठले, बसले, देवळाला एक फेरी मारून आले. पुन्हा आईजवळ येऊन उभे राहिले आणि पुन्हा बाजूला झाले. खाली बायका वाळलेलं उलटंपालटं करायला लागल्या, मग घड्या घालायला लागल्या. एकेक रंग काठावरून कमी व्हायला लागला. काळ्या खडकाकडं कुणी वळून बघत नव्हतं. सुतक असलं की घरात घट बसत नाहीत आणि घटाचं धुणंही निघत नाही, हे मलासुद्धा माहीत होतं. मी ते मनातल्या मनात म्हणत होते आणि आईनं ते म्हणू नये म्हणून भैरोबाला विनवत होते.

“घरात सुतक हाय,” आई हळूच म्हणाली.

अप्पांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “हौसा, माझं ऐक—”

“आई गेली माझी.”

“अगं, ऐक तरी—”

पण ती उठली होती. चपला तिथंच. कातळाच्या डाव्या अंगानं चिंचेवाडीला उतरणारी एक शेळ्यांची वाट होती. आई लहानपणी त्या वाटेनं देवाला यायची. आम्ही एवढी वर्षं वर आलो, पण त्या वाटेकडं ती कधी वळलीसुद्धा नव्हती. आता ती अनवाणी त्या वाटेला लागली. अप्पांनी हाका मारल्या. मग पिशवी-गाठोडं उचलून, गिरिजाला खांद्यावर टाकून तेही मागं निघाले, पण पोर घेऊन त्यांना त्या उतारावर पळता येईना. मी आईच्या मागं सुटले.

गावाच्या वेशीपर्यंत आईच्या तोंडातून शब्द निघाला नाही. वेशीवर पाय ठेवला आणि तिनं हंबरडा फोडला.

“आये गंऽऽ! मला न भेटता कुठं गेलीस गं माझे आयेऽऽ!”

आमच्याकडं लेक मयताला आली की वेशीपासून अशीच रडत येते. मी ते दुसऱ्यांच्या दारात बघितलं होतं. पण माझी आई, जी साधा आवाजसुद्धा चढवत नसे, ती रस्त्याच्या मधोमध छाती बडवत चालली होती. अंबाड्यातली शेवंती गळून पडली होती. माणसं दारात येऊन उभी राहिली. मला भीती वाटली आणि लाजही वाटली. नदीकडून येणाऱ्या एका बाईनं डोक्यावरचं गठुडं खाली टाकलं आणि ती वाटेत आडवी आली. “आगं हौसा! थांब, आगं तुझी आई न्हाई गं—” आई तिला बाजूला सारून पुढं गेली. तिला ‘आई न्हाई’ एवढंच ऐकू आलं असणार.

घर मला दाखवावं लागलं नाही. अंगणात घोंगड्यावर चार माणसं बसली होती. एक तरणाबांड माणूस उठून पुढं आला. डोकं उघडं, दाढी वाढलेली. आईच्या सांगण्यावरून माझ्या मनात जो जोतीराममामा होता तो कडेवरचा होता, हा अप्पांपेक्षा उंच होता.

“तुला कुणी बोलावलं?” तो म्हणाला.

आई त्याला दिसतच नसल्यासारखी दाराकडं चालली होती. “मला टाकून गेलीस गं आयेऽऽ—”

आणि आजी दारात आली.

आईचा आवाज अर्ध्यात तुटला. लुगड्याचा पदर कपाळापर्यंत ओढलेली, वाकलेली, पण धडधाकट बाई चौकट धरून उभी होती. आईनं तिच्याकडं बघितलं आणि तिच्या तोंडावर हसू आलं. मी ते माझ्या डोळ्यांनी बघितलं. गालावरून पाणी वाहतंय आणि माझी आई सणाला आल्यासारखी हसतेय. ती दोन पावलं पुढं झाली. आजीनं तिला धरायला हात उचलले तसा तिचा पदर मागं सरकला.

आजीच्या कपाळावर कुंकू नव्हतं.

आई जागच्या जागी थांबली. ते हसू कुठं ठेवावं हे तिला कळेना. मग ती दारापुढच्या सोप्याच्या कडेला टेकली आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसली.

“कवा?” तिनं विचारलं.

“गेल्या सोमवारी,” आजी म्हणाली.

तेवढ्यात अप्पा गिरिजाला घेऊन पोचले आणि अंगणाबाहेरच उभे राहिले. मामानं त्यांच्याकडं बघितलं. “मी सांगितलं हुतं तुमास्नी, आणू नका म्हणून.” अप्पांनी मान खाली घातली. आईनं ते ऐकलं आणि अप्पांकडं एकदा बघितलं.

“आबांनी शेवटपतोर तुझं नाव काढलं न्हाई,” मामा आईला म्हणाला. “उशाला मी बसलेलो. एकदासुदीक न्हाई. आन तू गाव गोळा करत आलीस.”

“न्हाई काढलं,” आजी म्हणाली. “खरं हाय त्येचं.”

ती येऊन आईशेजारी बसली. तिनं आईच्या पायाकडं बघितलं. वाटेवरच्या खड्यांनी पाय सोलवटले होते. आजी पदराच्या शेवटानं ते रक्त टिपायला लागली.

“वाकळ कुठं हाय, आये?” आईनं विचारलं.

“गेली.”

“कुठं गेली?”

“त्यांच्यासंगं.” आजी टिपत राहिली. “भादव्याचा उकाडा, आमी दारं उघडी टाकून निजत हुतो, आन ह्ये म्हणायचे थंडी वाजतिया. घोंगडं घातलं, तरी वाजतिया. दुसरं घातलं, तरी वाजतिया. मग एक दिस म्हणाले, पेटीतली तांबडी काढ. ती घातली तवा गप निजले. शेवटाला तीच हुती अंगावर. मग म्या म्हटलं, संगंच जाऊ दे.”

मामा तोंड फिरवून गोठ्याकडं बघत उभा राहिला.

आई मामाला म्हणाली, “जोत्या, तू तर दर साली आईसंगं खडकावर पसरत हुतास ती. मी वरनं बघितलंय. तुला तरी कधी वाटलं न्हाई व्हय, ताईला एक निरोप धाडावा?”

“कुणी? मी?” मामा गर्रकन वळला. “मी त्या वाकळंला हात लावला न्हाई कधी! इचार आईला.”

“खोटं बोलू नगं. मागच्या साली तू पटका बांधून...”

“पटका? मी जन्मात पटका बांधला न्हाई.”

आईनं आजीकडं बघितलं.

“ह्येच असायचे की गं ते,” आजी म्हणाली. “भिजलेली वाकळ एकटीला पेलती व्हय? दुसरं टोक ह्येच धरायचे. पहिल्या साली म्या भीतभीत गठुड्यात घातली, तर ह्यांनीच ते गठुडं उचललं आन नदीला आले. पसरली की लांब जाऊन बघायचे. मग म्हणायचे, आनखी वर घे. खडकाच्या माथ्याला घे. तिथनं दिसंल.”

आजीनं आईचा दुसरा पाय मांडीवर घेतला.

“कुणाला दिसंल, ते कधी बोलले न्हाईत.”

मी आईकडं बघत होते. मला वाटलं, आता ती मघाच्यासारखी रडेल, मघापेक्षा मोठ्यानं. मी कानसुद्धा झाकायला तयार होते. तिनं तोंड उघडलं, ‘आबा’ म्हणायला ओठ एकमेकांना लावले, पण आवाज निघाला नाही. रडायला तिच्यापाशी काही उरलंच नव्हतं. सगळं रडं ती वेशीपासून दारापर्यंत जिवंत माणसासाठी संपवून आली होती. इतकी वर्षं ती दर साली बापानं पसरलेली वाकळ डोळे भरून बघत आली होती आणि पसरणारा बाप होता, हे तिला एकाही वर्षी माहीत नव्हतं. मला त्या वेळी एवढं सगळं समजलं नाही. मला फक्त आईचे ते मिटलेले ओठ दिसले आणि मीच रडायला लागले.

आजीनं मला जवळ ओढलं. “ही थोरली व्हय?” तिनं विचारलं. तिच्या हाताला अजून आईच्या पायाचं रक्त होतं.

निघताना मामा अप्पांजवळ आला. “तेराव्याला घेऊन या तिला,” एवढंच तो म्हणाला, तेही अप्पांकडं न बघता. आम्ही तेराव्याला गेलो, पुढंही जात राहिलो. माहेर उघडं झालं. आजी नंतर पुष्कळ वर्षं जगली आणि दर वर्षी घटाआधी आईच जाऊन तिच्या वाकळा धुवायची. पण भैरोबाच्या डोंगरावर आम्ही पुन्हा कधी गेलो नाही. आईच्या चपला तिथंच राहिल्या.

फाट्यापर्यंत आम्ही गावाच्या रस्त्यानं चालत आलो. एस.टी.ची वाट बघत मैलाच्या दगडाजवळ बसलो तेव्हा आई पहिल्यांदा बोलली.

“तुमाला म्हाईत हुतं.”

“व्हय,” अप्पा म्हणाले. “जोतीराम हापिसात आलेले. सांगून गेले.”

“मग मला का सांगितलं न्हाईसा?”

अप्पांनी रस्त्यापलीकडच्या खांबाकडं बघितलं. तो त्यांनीच रोवलेला होता. “ते म्हणाले, आबांनी शेवटपर्यंत नाव काढलं न्हाई. आन तिला यायला सांगू नका. हौसा, मेल्याचं सांगितलं असतं गं. पण त्याच्यापुढचं मी कुठल्या तोंडानं सांगू तुला? रोज सकाळी म्हणायचो, आज सांगतो.”

आईनं त्यांना दोष दिला नाही. तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला आणि एस.टी. येईपर्यंत तसाच ठेवला.

गाडीत गर्दी होती, खिडक्या उघड्या असूनही घाम निथळत होता. गिरिजा गाठोडं सोडून वातड झालेली धपाटी खात बसली. आई अप्पांच्या आणि माझ्या मधे बसली होती. सोललेले पाय तिनं वर घेतले होते.

“मला थंडी वाजतिया,” ती म्हणाली.

समोरच्या बाकावरचा माणूस टोपीनं वारा घेत होता. त्यानं वळून बघितलं. पिशवीतून अप्पांनी चादर काढली, जेवायला बसताना अंथरायची, त्या दिवशी न उघडलेली. ती तिच्या अंगावर घातली, गळ्यापर्यंत ओढली. गाडी खड्ड्यातून जायला लागली की चादर घसरायची, म्हणून अप्पांनी तिचं एक टोक धरलं. दुसरं मी धरलं. आई डोळे मिटून गप निजली, आणि आमचं गाव येईपर्यंत आम्ही दोघं ती तशीच धरून बसलो.